पेपर आधी, पुस्तक नंतर!

आधी एक छोटीशी टेस्ट. तुमच्या लॅपटॉपवर 'क्वांट', 'क्वांट फायनल' आणि 'क्वांट फायनल नवीन' अशा नावांचे फोल्डर आहेत का? त्यात ऑफिसमधल्या कुणीतरी 'घे, खूप भारी आहे' म्हणून पाठवलेल्या पीडीएफ आहेत का? मोबाइलमध्ये टेलिग्रामचे दोन-तीन ग्रुप, अर्ध्यावर सोडलेला एक व्हिडिओ कोर्स, आणि शेल्फवर एक जाडजूड पुस्तक, ज्याची पहिली पन्नास पानं मळलीयत आणि बाकीची अजून करकरीत आहेत? सगळ्याला 'हो' म्हणालात ना? मग बॉस, हा लेख तुमच्यासाठीच आहे.

२४ नोव्हेंबर २०२४ ला झालेल्या 'कॅट'साठी देशभरातून जवळजवळ ३ लाख २९ हजार जणांनी नाव नोंदवलं आणि सुमारे २ लाख ९३ हजार जण प्रत्यक्ष परीक्षेला बसले. म्हणजे छत्तीसेक हजार जण फी भरूनही गेलेच नाहीत! खुल्या गटाची फी २,५०० रुपये होती, हे लक्षात घ्या. प्रत्येकाची कारणं वेगळी असतील. पण नोकरी करता करता एमबीएची स्वप्नं बघणाऱ्या आपल्यासारख्यांना एक कारण चांगलंच ओळखीचं असतं : 'यार, क्वांटची तयारीच झाली नाही.'

गंमत म्हणजे साहित्याची कमतरता कुणालाच नसते. उलट इतकं असतं की, कुठून सुरुवात करायची हे ठरवण्यातच दिवाळी येते. आणि कॅट असते नोव्हेंबरच्या शेवटी!

कळवणचं कनेक्शन

हा लेख पुण्यातल्या एखाद्या कॅफेत बसून, दोन-चार क्लासवाल्यांना फोन करून लिहिता आला असता. पण या विषयातलं मला सगळ्यात पटलेलं उत्तर मिळालं ते नाशिक जिल्ह्यातल्या कळवणला. सप्तशृंगीचा गड ज्या तालुक्यात आहे तेच कळवण. कांद्याचं, आदिवासी पाड्यांचं, मराठीइतकीच अहिराणी कानावर पडणारं गाव. नाशिकहून एसटीनं दोन-अडीच तास.

माझी मावसबहीण तिथली. शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून, मग नाशिकला इंजिनीअरिंग, मग हिंजवडीत नोकरी. वय सव्वीस. कॅट दोनदा देऊन झाली. दोन्ही वेळा इंग्रजीत बरी, डेटा इंटरप्रिटेशनमध्ये चांगली आणि क्वांटमध्ये साफ आडवी! एकूण पर्सेंटाइल ठीकठाक असलं तरी आयआयएमवाले प्रत्येक विभागाचा किमान कट-ऑफ वेगळा बघतात. एका विषयात मार खाल्ला की बाकीच्यात मारलेल्या सिक्सरचा काही उपयोग नाही.

येत्या नोव्हेंबरला तिचा तिसरा प्रयत्न. 'हा शेवटचा' असं तिनंच घरी जाहीर करून टाकलंय. कारणं तुम्ही ओळखलीच असतील. मोठ्या आयआयएमची फी आता वीस-पंचवीस लाखांच्या घरात गेली आहे, त्यासाठी कर्ज काढायचं तर जितक्या लवकर तितकं बरं. मॅनेजर प्रमोशनचं गाजर दाखवतोय. आणि मावशीनं स्थळं बघायला सुरुवात केली आहे, ती 'कॅटपर्यंत थांब' या एका वाक्यावर थांबलीय. त्यामुळे श्रावणात वर्क फ्रॉम होम मिळवून ती कळवणला जाऊन बसली, आणि मीही चार दिवस तिच्याकडे गेले.

खोलीत बघते तर काय, टेबलावर चार पुस्तकं, लॅपटॉपमध्ये अकरा पीडीएफ, दोन कंपन्यांच्या मॉक सीरिज आणि भिंतीवर स्केचपेननं काढलेलं रंगीत टाइमटेबल. आजी दारातून डोकावली आणि म्हणाली, "इतला पुस्तकं कसाले वं?" इतकी पुस्तकं कशाला गं? आम्ही दोघी हसलो खऱ्या, पण प्रश्न शंभर टक्के बरोबर होता.

पाचवीतला गुरू

त्याच घरात आणखी एकजण परीक्षेची तयारी करत होता. बहिणीचा भाचा, इयत्ता पाचवी, टार्गेट नवोदय. जवाहर नवोदय विद्यालयं म्हणजे ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या निवासी शाळा. १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून ज्या पहिल्या दोन शाळा सुरू झाल्या, त्यातली एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. सहावीच्या प्रवेशासाठी जी निवड परीक्षा होते तिच्यात एकूण ८० प्रश्न, १०० गुण आणि दोन तास. त्यात अंकगणिताचे प्रश्न २०, गुण २५ आणि वेळ साधारण अर्धा तास. एका शाळेत जास्तीत जास्त ८० मुलं घेतात. जिल्हाभरातून अर्ज येतात, म्हणजे चुरस काय असेल बघा. कळवणसारख्या तालुक्यातल्या घरांसाठी ही परीक्षा कॅटपेक्षा लहान नाही. मूल निवडलं गेलं तर पुढचं शिक्षण, राहणं आणि जेवण यांची काळजी मिटते.

या पठ्ठ्याकडे किती पुस्तकं असावीत? एक. शिवाय जुन्या प्रश्नपत्रिकांचा दोऱ्यानं शिवलेला गठ्ठा आणि शंभर पानी वही. बस्स.

त्याच्या जिल्हा परिषद शाळेतले सर संध्याकाळी चार-पाच मुलांना बसवून शिकवतात. मी विचारलं, पुस्तक कसं निवडलं? सर म्हणाले, "ताई, पुस्तक आम्ही नंतर निवडतो. आधी मागच्या वर्षीचा पेपर द्यायचा, काहीच न शिकवता. पोरगं कुठं अडतं ते कळलं की, त्याला काय द्यायचं ते आपोआप कळतं. ज्याला गुणाकार येत नाही त्याला नफा-तोट्याचं पुस्तक देऊन काय उपयोग?"

पेपर आधी, पुस्तक नंतर. किती साधं! आणि आपण सगळे नेमकं उलटं करतो. आधी 'बेस्ट बुक्स फॉर क्वांट' शोधतो, मग पहिल्या धड्यापासून सुरू करतो, आणि खरा पेपर 'सिलॅबस झाल्यावर बघू' म्हणून शेवटच्या पंधरवड्यासाठी राखून ठेवतो. जणू काही पेपर म्हणजे लोणचं आहे, मुरल्यावरच बरणी उघडायची!

कांदा निवडतात तसा

त्याच रात्री बहिणीनं २०२४ च्या कॅटचा एका सत्राचा क्वांटचा भाग सोडवला. प्रश्न २२, मिनिटं ४०. घड्याळ लावून, मोबाइल काकांच्या ताब्यात देऊन. निकाल : पंधरा प्रश्न सोडवले, त्यातले सात बरोबर, आठ चूक. सात प्रश्न तसेच राहिले.

आता नेहमीची रीत म्हणजे 'शी, काय फालतू स्कोअर!' म्हणून पेपर मिटवायचा आणि बारावी पीडीएफ डाउनलोड करायची. पण सरांचं ऐकून आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चुकलेल्या आणि राहिलेल्या पंधरा प्रश्नांचा हिशेब मांडला. अंगणात काका चाळीतला उन्हाळी कांदा काढून निवडत बसले होते. चांगला एकीकडे, गोल्टी दुसरीकडे, खाद तिसरीकडे. सगळा एकत्र ठेवला तर एक सडका कांदा शेजारच्या चारांना लागतो, आणि बाजार समितीत भाव पाडून मिळतो तो वेगळाच. आम्हीही प्रश्नांचे तीन ढीग केले :

पहिला ढीग, जे येतच नव्हतं : ४.
दुसरा ढीग, येत होतं पण वेळ पुरला नाही किंवा आकडेमोड चुकली : ५.
तिसरा ढीग, जे त्या चाळीस मिनिटांत हातातच घ्यायला नको होते : ६.

बहीण बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. कारण तिची चार पुस्तकं आणि अकरा पीडीएफ, सगळी खरेदी पहिल्या ढिगासाठी होती. चार प्रश्नांसाठी! बाकीच्या अकरा प्रश्नांसाठी तिच्याकडे काहीच नव्हतं.

तुमचे आकडे वेगळे येतील. पण हे तीन ढीग घालेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका, कारण प्रत्येक ढिगाचं औषध वेगळं आहे.

ढीग पहिला : येतच नाही

इथे मॅनेजमेंट एन्ट्रन्सचं जाड पुस्तक चालत नाही. ते तुम्हाला मूळ गोष्ट येते असं धरूनच पुढे जातं. इथे लागतं ते चक्क शाळेचं पुस्तक! हसू नका. दहावीचं बालभारतीचं गणित उघडा. भाग एकमध्ये दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, संभाव्यता. भाग दोनमध्ये समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ, निर्देशक भूमिती, महत्त्वमापन. त्याला आठवी-नववीतली शेकडेवारी, चक्रवाढ व्याज, गुणोत्तर व प्रमाण आणि चलन जोडा. कॅटच्या क्वांटचा पाया म्हणतात तो बऱ्यापैकी हाच. लॉगॅरिथम आणि क्रमयोजना-संयोजनासाठी तेवढं अकरावीचं पुस्तक लागेल. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतात, मराठीतून आणि इंग्रजीतूनही.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी तर यात एक बोनस आहे. बहिणीला 'अरिथमेटिक प्रोग्रेशन' म्हटलं की घाम फुटायचा. पुस्तकात 'अंकगणिती श्रेढी' हे शब्द दिसल्यावर ती ओरडलीच, "अगं ताई, हे तर मला दहावीत पाठ होतं!" 'टाइम अँड वर्क' म्हणजे शाळेतलं काळ-काम, त्यातलं व्यस्त प्रमाण. 'मेन्सुरेशन' म्हणजे महत्त्वमापन. 'एचसीएफ-एलसीएम' म्हणजे मसावि-लसावि. गणित तेच, फक्त त्याचं नाव बदललंय. मग तिनं एका पानावर दोन रकाने केले, डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. तासाभराचं काम. पण दोन वर्षं 'मला येत नाही' असं वाटणाऱ्या निम्म्या गोष्टी त्या तासात ओळखीच्या निघाल्या. इंग्रजी माध्यमवाल्यांनी एनसीईआरटीची पुस्तकं घ्यावीत. तीही फुकटच आहेत.

ढीग दुसरा : येतं, पण वेळ लागतो

आता इथे जाड पुस्तक हवं. पण एकच! बाजारात अरुण शर्मांचं क्वांटिटेटिव्ह अ‍ॅप्टिट्यूड आहे, सर्वेश वर्मांचं 'क्वांटम कॅट' आहे, निशित सिन्हांचं पुस्तक आहे. यातलं 'सगळ्यात भारी कुठलं' या वादात ऑफिसच्या कॅन्टीनमधले कितीतरी लंच ब्रेक खर्ची पडले असतील. खरं सांगू? तुम्ही जे संपवाल ते भारी. दुकानात उभं राहून तुमच्या दुसऱ्या ढिगातला एखादा विषय काढा, त्याचं एक सोडवलेलं उदाहरण वाचा. पायऱ्या कळल्या तर ते पुस्तक तुमचं. नाही कळल्या तर मित्राला शंभर पर्सेंटाइल मिळाले असले तरी ते ठेवून द्या.

अरुण शर्मांच्या पुस्तकात प्रश्नांच्या तीन पातळ्या आहेत, ज्यांना सगळे 'एलओडी' एक, दोन, तीन म्हणतात. नोकरी करणाऱ्या माणसाची हमखास पंचाईत होते ती इथेच. तिसरी पातळी सोडवली म्हणजे आपण खरे हुशार, असं वाटून एकेका प्रश्नावर अर्धा-पाऊण तास जातो. पेपरात एका प्रश्नाला सरासरी मिळतात १ मिनिट ४९ सेकंद! त्यामुळे पहिली पातळी झटपट, दुसरी नीट आणि तिसरी फक्त ज्या विषयात तुमचा हात बसलाय तिथेच.

आणि धडे क्रमानं नकोत. अलीकडच्या पेपरांत अंकगणित आणि बीजगणित यांचाच मोठा वाटा असतो. शेकडेवारी, नफा-तोटा, सरासरी, मिश्रण, वेळ-वेग-अंतर, समीकरणं. 'नंबर सिस्टीम'चा पहिला धडा आहे म्हणून त्यातच दोन महिने घालवणं, हा आपल्याकडचा राष्ट्रीय छंद आहे. तो बंद करा.

आकडेमोडीचा वेग वाढवायला अ‍ॅपची वर्गणीही नको. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्याच देवळालीत द. रा. कापरेकर नावाचे शाळामास्तर होऊन गेले (१९०५-१९८६). त्यांनी शोधलेला ६१७४ हा आकडा आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखला जातो. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजा करा. जे येईल त्याचं पुन्हा तेच करा. उदाहरणार्थ ३५२४. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४! जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही तिथे पोहोचताच. कंपनीच्या बसमध्ये रोज पाच संख्या तोंडी करून बघा. कॅटमध्ये स्क्रीनवर कॅल्क्युलेटर असतो हे खरं, पण माउसनं एकेक बटण दाबेपर्यंत ज्याची वजाबाकी तोंडी झाली तो पुढच्या प्रश्नावर गेलेला असतो.

ढीग तिसरा : हात लावायला नको होता

हा ढीग सगळ्यात महाग. कारण हा दिसतच नाही. एक साधा हिशेब बघा. कॅटमध्ये बरोबर उत्तराला ३ गुण, पर्याय असलेला प्रश्न चुकला तर १ गुण वजा. उत्तर टाइप करायच्या प्रश्नांना उणे गुण नाहीत. समजा, सगळे पर्यायी प्रश्नच धरले. एकानं १२ सोडवले, १० बरोबर आले, २ चुकले : ३० वजा २, म्हणजे २८ गुण. दुसऱ्यानं १८ सोडवले, ११ बरोबर आले, ७ चुकले : ३३ वजा ७, म्हणजे २६. दुसऱ्याला एक प्रश्न जास्त येतो, तरीही तो मागे!

हे कुठलंही पुस्तक शिकवू शकत नाही, कारण पुस्तकात प्रश्न धड्याच्या नावाखाली येतात. 'वर्तुळ' या धड्यातला प्रश्न वर्तुळाचा आहे हे आधीच माहीत असतं. पेपरात प्रश्न येतो तो अनोळखी पाहुण्यासारखा. आत घ्यायचा की दारातूनच 'नंतर या' म्हणायचं, हे पंधरा-वीस सेकंदांत ठरवावं लागतं. त्यासाठी एकच साहित्य, चाळीस मिनिटांचा पूर्ण विभाग, घड्याळ लावून.

आणि इथे खऱ्या पेपरांना तोड नाही. २००९ मध्ये कॅट कॉम्प्युटरवर गेली आणि त्यानंतर बरीच वर्षं आयआयएमनी प्रश्नपत्रिका जाहीरच केल्या नाहीत. तेव्हाच्या मुलांना क्लासेसच्या अंदाजांवर भिस्त ठेवावी लागायची. २०१७ पासून पेपर आणि उत्तरं जाहीर होऊ लागली. २०१७ ते २०२४ या आठ वर्षांत परीक्षा एकूण २१ सत्रांत झाली. पहिल्या तीन वर्षांच्या सहा सत्रांत क्वांटचे ३४ प्रश्न, २०२० च्या तीन सत्रांत २६, आणि २०२१ ते २०२४ च्या बारा सत्रांत २२. बेरीज करा : २०४ अधिक ७८ अधिक २६४ म्हणजे ५४६ प्रश्न. ज्यांनी पेपर काढला त्यांनीच लिहिलेले, फुकट!

विकतच्या मॉक टाकाऊ नसतात. इतरांशी तुलना आणि तीनही विभाग एका दमात सोडवायची सवय यासाठी एक सीरिज घ्या. मात्र दोन नकोत. काही मॉक खऱ्या पेपरापेक्षा मुद्दाम अवघड असतात, काही विनाकारण लांबलचक. त्यातल्या मार्कांवर मूड ठरवू नका. आणि मॉक दिल्यावर तेवढाच वेळ ढीग घालायला ठेवला नसेल, तर ती दिली काय आणि न दिली काय, सारखंच.

चौदा आठवड्यांचं गणित

'पण वेळ कुठंय?' हा प्रश्न येणारच. तर घ्या हिशेब. सोमवार ते शुक्रवार रोज ८ जुने प्रश्न. सोडवायला वीस मिनिटं, तपासायला वीस. आठवड्याला झाले ४०. ५४६ भागिले ४० म्हणजे साडेतेरा आठवडे आणि थोडं वर, चौदा धरा. ऑगस्टच्या मध्यावर सुरू केलं की कॅटच्या आधी सगळे जुने प्रश्न एकदा हाताखालून जातात. शनिवारी पहिल्या ढिगासाठी शाळेचं पुस्तक, रविवारी चाळीस मिनिटांचा एक विभाग. त्यासाठी २०२१ नंतरची तीन-चार सत्रं आधीच बाजूला काढून ठेवा, ती सुटी सुटी सोडवू नका. ३४ प्रश्नांचे जुने पेपर एका तासाचे होते, त्यामुळे ते रोजच्या सरावाला उत्तम.

एक मात्र खरं. रात्री साडेनऊला ऑफिसचा कॉल संपल्यावर डोकं चालत नाही. बहिणीनं रोजचे आठ प्रश्न सकाळी लॉग-इनच्या आधी ठेवले. भाचा त्याच वेळी समोर बसून त्याचे पाच प्रश्न सोडवतो. दोघांच्याही वहीत सध्या शेकडेवारीच चालू आहे!

बाकीच्या परीक्षांचं काय?

सूत्र तेच, माप वेगळं. राज्याच्या एमबीए-सीईटीत २०२५ साली २०० प्रश्न आणि १५० मिनिटं होती. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. त्यात गणिताचे प्रश्न ५० आणि उणे गुण नाहीत. इथे तिसऱ्या ढिगाचा अर्थच बदलतो. एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही, सगळा खेळ वेगाचा. इथे आर. एस. अग्रवालांचं जुनं, भरपूर सोप्या-मध्यम प्रश्नांचं पुस्तक कामाला येतं. तेच पुस्तक कॅटसाठी मात्र अपुरं पडतं.

जीमॅटचं नवं रूप नोव्हेंबर २०२३ मध्ये आलं. गणिताचे २१ प्रश्न, ४५ मिनिटं, कॅल्क्युलेटर नाही. भूमिती गेली आणि 'डेटा सफिशियन्सी' गणितातून निघून 'डेटा इन्साइट्स'मध्ये गेली. त्यामुळे सीनिअरनं प्रेमानं दिलेलं त्याच्या वेळचं पुस्तक आधी तारीख बघूनच स्वीकारा. जीआरई सप्टेंबर २०२३ पासून छोटी झाली : गणिताच्या दोन भागांत मिळून २७ प्रश्न आणि ४७ मिनिटं. या दोन्ही परीक्षा घेणाऱ्या संस्थाच प्रत्येकी दोन सराव परीक्षा फुकट देतात. त्यातली पहिली आजच देऊन टाका. दुसरी परीक्षेच्या पंधरा दिवस आधीसाठी राखून ठेवा.

थोडक्यात काय?

● कुठलीही खरेदी करण्याआधी अलीकडचा एक खरा पेपर, पूर्ण वेळ लावून.
● चुकलेल्या आणि राहिलेल्या प्रश्नांचे तीन ढीग : येत नाही, वेळ लागतो, घ्यायलाच नको होता.
● पहिल्याला शाळेचं पुस्तक, दुसऱ्याला एकच सरावाचं पुस्तक, तिसऱ्याला घड्याळ आणि जुने पेपर.
● मॉक सीरिज एकच.
● पुस्तकावर आवृत्तीचं वर्ष बघा. परीक्षेचं स्वरूप त्यानंतर बदललं असेल तर पुस्तक परत शेल्फवर.
● फिरत आलेल्या स्कॅन केलेल्या पीडीएफमधली उत्तरं तपासल्याशिवाय खरी मानू नका. चुकीच्या उत्तरसूचीवर डोकं फोडण्यात गेलेली संध्याकाळ परत मिळत नाही.
● दर महिन्याला नवा पेपर, नवे ढीग. पहिला ढीग लहान होत गेला की समजा, गाडी रुळावर आहे.

तीन पुस्तकं टेबलावरून खाली उतरली. अकरा पीडीएफपैकी नऊ डिलीट करताना बहिणीचा हात थोडा थरथरला. "लागली तर?" असं ती दोनदा म्हणाली. त्या पीडीएफ म्हणजे तिच्यासाठी विम्यासारख्या होत्या. उघडल्या नाहीत तरी आहेत, एवढ्यावरच रात्री झोप लागायची. पण परीक्षेच्या हॉलमध्ये हा विमा कुणी वटवून देत नाही. तिथे फक्त २२ प्रश्न, ४० मिनिटं आणि तुम्ही.

नोव्हेंबरमध्ये काय होईल ते कुणी सांगावं? कट-ऑफ ओलांडेल, नाहीही ओलांडणार. पण या वेळी हरलीच, तर कुठल्या ढिगामुळे हरली एवढं तिला नक्की माहीत असेल. आणि जिंकली, तरीसुद्धा.

तुमचं काय? तो 'क्वांट फायनल नवीन' फोल्डर बंद करा आणि चाळीस मिनिटांचा गजर लावा. चला, सुरू!